ब्याण्णव सालच्या बाटल्या

१

गुरुवारी सकाळी ओरेस्ते एक बाटली छातीशी धरून एर्सिलियाच्या दारात उभा राहिला आणि उंबरा ओलांडायच्या आधीच म्हणाला, "माझ्या तळघरात चोरी झालीय."

एर्सिलियानं त्याला खुर्ची दिली, कॉफीचं भांडं चढवलं आणि काय गेलं ते विचारलं. बहात्तर बाटल्या गेल्या, असं तो म्हणाला. म्हणजे बाटल्यांचा कोनाडा रिकामा झाला का? नाही, बाटल्या जागच्या जागी होत्या.

"मग गेलं काय?"

"आतली वाइन," ओरेस्ते म्हणाला.

दुसरं कोणी असतं तर एर्सिलिया हसली असती. पण ओरेस्ते कोर्तेवेक्याच्या द्राक्ष सोसायटीत पस्तीस वर्षं तळघराचा मुख्य होता. ती त्याच सोसायटीच्या प्रयोगशाळेत होती. ती परीक्षानळ्या घेऊन मद्यार्काचा आकडा काढायची आणि तो घोटभर चाखून तोच आकडा आधीच सांगून मोकळा व्हायचा. सुरुवातीला तिला याचा राग येई. मग सवय झाली आणि सवयीची कधी माया झाली ते तिलाही कळलं नाही. गावाला ते ठाऊक होतं, ओरेस्तेची बायको नतालीना हिलाही ठाऊक होतं, आणि त्यामुळे कोणाचं काही बिघडलं नव्हतं. नतालीना जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

बाटल्या ओरेस्तेच्या नातीच्या होत्या. कोर्तेवेक्यात मूल जन्मलं की त्या वर्षीच्या बार्बेराचा, म्हणजे इथल्या लाल वाइनचा, एक बुधला बाजूला काढतात. वेताच्या जाळीतला काचेचा मोठा बुधला, चोपन्न लिटरचा. वसंतात त्याच्या बहात्तर बाटल्या भरायच्या, बुचावर लाल लाख ओतायची, लाख ओली असताना घरातल्या कर्त्या माणसानं तिच्यावर अंगठा दाबायचा, आणि मग मुलाच्या लग्नापर्यंत त्या बाटल्यांना कोणी शिवायचं नाही. शिवणं अशुभ. लग्नाला महिना उरला की एक बाटली उघडून बघायची. नोएमी ब्याण्णवच्या ऑक्टोबरात जन्मली होती आणि या जूनमध्ये तिचं लग्न होतं. ओरेस्तेनं काल दुपारी मुलासमोर, म्हणजे नोएमीच्या बापासमोर, लिव्हियोसमोर, पहिली बाटली उघडली आणि पहिल्याच घोटाला ग्लास खाली ठेवला. ही ब्याण्णवची नाही, म्हणाला.

"लिव्हियो काय म्हणाला?"

ओरेस्तेनं कॉफीत साखर घातली आणि ढवळतच राहिला. लिव्हियोनं लाखेकडे बघितलं, कोनाड्यावर खडूनं लिहिलेल्या सालाकडे बघितलं आणि मग बापाकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर ओरेस्तेला रात्रभर टोचत होती. फेब्रुवारीत म्हातारा गॅस चालू ठेवून बाजारात गेला होता, तेव्हापासून लिव्हियोचा जीव थाऱ्यावर नव्हता. जीभ ही ओरेस्तेची शेवटची शाबूत गोष्ट होती. तीही गेली म्हटल्यावर लिव्हियोनं फोन लावला. सोमवारी घर विकण्यासाठी दलाल येणार होता, आणि लग्न झालं की ओरेस्तेनं तोरिनो शहरात लिव्हियोच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायला जायचं होतं.

"माझी जीभ गेली असेल तर तू तसं सांग," ओरेस्ते म्हणाला. "तुझ्याकडून ऐकून घेईन. मग मी गपचूप जाईन."

२

एर्सिलियानं त्याला घरी पाठवलं. बाटली मात्र ठेवून घेतली.

निवृत्त होताना सोसायटीनं तिला घड्याळ दिलं होतं. तिनं घड्याळ परत केलं आणि जुनं पितळी उकळयंत्र मागून घेतलं. त्यात वाइन उकळायची, ती किती अंशांवर उकळते ते बघायचं, आणि त्यावरून मद्यार्क किती ते कळतं. ते यंत्र तिनं फळीवरून काढलं, पुसलं, आणि आधी थोडी वाइन पांढऱ्या बशीत ओतली.

कडेला विटकरी झाक होती, म्हणजे वाइन जुनी होती, कालपरवाची नव्हे. पण मधला रंग अजून जांभळट काळा होता. तिनं घोट घेतला. पिकलेली चेरी, मनुका, आणि बार्बेराला शोभत नाही असा मऊपणा. बार्बेरा ही मुळात आंबट जात. गावात ती पाण्यासारखी रोज जेवणाबरोबर पितात ते त्या आंबटपणासाठीच.

ब्याण्णव तिला चांगलं आठवत होतं. ऑगस्टअखेर जो पाऊस लागला तो द्राक्षं उतरवून झाली तरी हटला नाही. शेतकरी चिखलाचे बूट घेऊन प्रयोगशाळेत यायचे आणि आकडा ऐकून मान खाली घालायचे. तिनं वही काढली. ब्याण्णवचा बार्बेरा अकरा टक्के आणि थोडा वर, आंबटपणा दात आंबवणारा, रंग फिक्या सरबताचा.

यंत्रातला पारा थांबला. तिनं चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. पावणेपंधरा टक्के.

बाटलीत वर्षानुवर्षं पडून वाइनचा रंग उतरतो, आंबटपणा जरा नरमतो, वास बदलतो. मद्यार्क मात्र वाढत नाही. पावसाळी वर्षाच्या पोटात ऊन मागाहून शिरत नसतं. एर्सिलिया खुर्चीत बसली आणि तिला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. ओरेस्ते बरोबर होता.

मग तिनं बाकीच्या वह्या काढल्या. तीस वर्षांच्या नोंदींत पावणेपंधरा हा आकडा एकदाच होता आणि त्याच्यापुढे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'चौदा ऑगस्टला द्राक्षं आली. असं कधी झालं नाही.' ते दोन हजार तीन होतं. त्या उन्हाळ्यात वेलींवरच मनुका झाल्या होत्या.

म्हणजे कोणीतरी दोन हजार तीनची उत्तम वाइन ठेवून ब्याण्णवची फिकी, आंबट वाइन नेली होती. वाईट माल पळवून चांगला ठेवणारा चोर एर्सिलियानं एकोणसत्तर वर्षांत पाहिला नव्हता.

३

नतालीना गेल्यावर तळघराच्या किल्ल्या दोन उरल्या होत्या. एक ओरेस्तेच्या कमरेला, दुसरी शेजारच्या तुल्लियोकडे.

तुल्लियो कोंबड्यांना दाणे टाकत होता. त्याचं आणि ओरेस्तेचं चाळीस वर्षं गोडीगुलाबीचं भांडण होतं, कारण तुल्लियोच्या मते गावातली खरी जीभ त्याची होती. बाटल्यांचं ऐकून तो खूष झाला. वाइन बदलायचीच असती तर आपण त्यात ओरेस्तेचीच पंच्याऐंशीची बिघडलेली वाइन भरली असती, म्हणजे सूड उगवला असता, असं म्हणाला. मग एर्सिलियाचं तोंड बघून गंभीर झाला.

"त्या बाटल्यांना मी मेलो तरी हात लावणार नाही, बाई. ओरेस्ते काय बोलून बसलाय ते तुम्हाला माहीत नाही का?"

तिला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. नोएमी दोन महिने आधी जन्मली होती, दोन तळव्यांत मावेल एवढी. काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या पोरीसमोर सगळे रडत होते तेव्हा ओरेस्ते ठासून म्हणाला होता, 'यंदाची वाइन टिकेल तशी ही पोरगी टिकेल.' पोरगी टिकली. पण तेव्हापासून त्या कोनाड्यासमोरून जाताना नतालीना छातीवर हातानं क्रूस काढल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नसे.

दोन हजार तीनबद्दल विचारल्यावर तुल्लियोला आठवण्यासारखं फारसं काही नव्हतं. ऊन होतं, कोंबड्या मेल्या. हां, आणि त्या शरदात नतालीनानं सगळ्या आळीला व्हिनेगर वाटलं होतं. घागरीच्या घागरी.

"कसलं व्हिनेगर?"

"लाल. पातळ होतं, पण झकास. आमच्याकडे दोन वर्षं पुरलं. एवढं आणलं कुठून विचारलं तर म्हणाली, देवानं दिलं."

लिव्हियो शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं पुन्हा तोरिनोहून आला, त्याला तिनं स्टेशनवरच गाठलं. लिव्हियो रेल्वेत होता, पंचावन्नचा, सरळ माणूस. बापावर त्याचा जीव होता आणि त्यामुळेच तो घाबरलेला होता. तिनं यंत्राचा आकडा सांगितला. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि हात टेकल्यासारखा म्हणाला, "एर्सिलियाबाई, वाइन छानच होती हो. पण चार युरोच्या वाइनला कसलं आलंय साल? साल बघायचं ते शंभर युरोच्या बाटलीवर."

"उलट आहे, लिव्हियो. शंभर युरोवाला वाईट वर्षी निम्मी द्राक्षं फेकून देतो, चांगली तेवढी निवडतो, नव्या लाकडी पिंपांत मुरवतो, आणि तरी जमलं नाही तर त्या वर्षी बाटलीच काढत नाही. आपल्याला ते परवडतं का? आपण येईल तेवढं सगळं टाकीत टाकतो. पाऊस पडला तर वाइनमध्ये पाऊस, ऊन पडलं तर ऊन. स्वस्त वाइनला साल लपवता येत नाही."

लिव्हियोनं हातातली बॅग बाकावर ठेवली. "मग अदलाबदल केली कुणी? बाबांनीच केली असेल आणि ते विसरले असतील तर?"

हा विचार एर्सिलियाला सुचला नव्हता.

४

शनिवारी ती ओरेस्तेबरोबर तळघरात उतरली. पायऱ्या मऊ दगडात खोदलेल्या, मधे झिजलेल्या. कोनाडा अगदी आत, जिथे दिव्याचा उजेड जेमतेम पोचतो. तिनं बॅटरी आणली होती.

दोन हजार तीनची वाइन बाटल्यांत भरली ती दोन हजार चारच्या वसंतात. त्या वेळचं काय आठवतं, असं तिनं विचारलं. काहीच नाही, ओरेस्ते म्हणाला, कारण तो घरी नव्हता. मार्चमध्ये शिडीवरून पडून मांडीचं हाड मोडलं, दोन महिने आस्तीच्या इस्पितळात. त्या वर्षी भरणी नतालीनानं एकटीनं केली आणि एक बुधला पायऱ्यांवर फुटला. ते सांगायला आली तेव्हा इस्पितळातल्या खाटेवर डोकं टेकून माणूस गेल्यासारखी रडली होती. बुधल्यासाठी कोण एवढं रडतं, म्हणून ओरेस्तेनं तिची थट्टा केली होती.

"तुमचे बुधले किती?"

"सहा. आकडे घातलेत ना मी रंगानं. फुटल्यावर पाच."

एर्सिलियानं बॅटरी फिरवली. भिंतीलगत वेताच्या जाळ्यांत बुधले ओळीनं उभे होते. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि कोळिष्टकांमागे सहा. ओरेस्ते बघतच राहिला. पंधरा वर्षं तो बायकोचा शब्द धरून बसला होता, मोजायचं कशाला सुचणार?

अदलाबदल ओरेस्तेनं केली नव्हती, हे नक्की झालं. तो खाटेवर होता. एर्सिलियानं मनातल्या मनात नतालीनाला नमस्कार केला. शरदात तिला कळलं असणार. फिक्या वाइनमध्ये टिकण्याचं बळच नव्हतं, त्यात त्या उन्हाळ्यानं तळघरही तापवलं, बुचं सैल झाली, आणि ब्याण्णव साल आंबून गेलं. मग तिनं आळीला व्हिनेगर वाटलं आणि वसंतात दोन हजार तीनचा एक अख्खा बुधला त्या बाटल्यांत भरला आणि तो फुटला असं सांगितलं.

कोडं सुटलं म्हणून ती हातातली बाटली कोनाड्यात परत ठेवणार, तेवढ्यात बॅटरीचा उजेड लाखेवर पडला. तिनं बाटली डोळ्यांजवळ घेतली. लाखेवर अंगठ्याचा ठसा होता, पण ओरेस्तेचा अंगठा चमच्याएवढा. तिनं आपला अंगठा ठशावर ठेवून पाहिला. मावेना. नतालीनाचे हात तर तिच्याहून थोराड होते. दुसरी बाटली, तिसरी, दहावी. सगळ्यांवर तोच इवलासा ठसा.

"चार सालच्या वसंतात तुमच्या घरी आणखी कोण होतं?" तिनं विचारलं.

ओरेस्ते खाली वाकून सहाव्या बुधल्याची धूळ पुसत होता. त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, आणि ते ऐकून एर्सिलियानं बाटली पुन्हा उजेडात धरली.

"नोएमी. तीन सालच्या ऑगस्टमध्ये तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ना तोरिनोला. मोकळ्या हवेत ठेवा म्हणाले, म्हणून ते अख्खं वर्ष आमच्याकडे होती."

५

रविवारी ओरेस्तेकडे जेवण होतं. तुल्लियो न बोलावता आला होता. नोएमी अकराच्या गाडीनं आली, आणि एर्सिलियानं तिला अंगणातच अंजिराखाली थांबवलं. एका बाटलीवरची लाख तेवढी अलगद काढून तिनं रुमालात आणली होती. ती तिनं नोएमीच्या तळहातावर ठेवली.

नोएमीनं ठसा पाहिला आणि तिचा चेहरा अकरा वर्षांच्या मुलीसारखा झाला. आजीनं शपथ घातली होती, ती म्हणाली. आजोबांना कधी म्हणजे कधीच सांगायचं नाही.

एर्सिलियानं तिला समजावलं नाही की आग्रह केला नाही. उद्या दलाल येणार आहे आणि का येणार आहे, एवढंच सांगितलं. नोएमीला यातलं काही माहीत नव्हतं. लग्नाच्या गडबडीत तिला कोणी सांगितलंच नव्हतं. लाख मुठीत धरून ती सरळ आत गेली.

टेबलावर आन्योलोत्ती, सारण भरलेल्या पास्त्याच्या छोट्या करंज्या, वाफाळत होत्या. नोएमी उभ्यानंच बोलली.

"आजोबा, वाइन मी बदलली. मी आणि आजीनं."

तुल्लियोचा काटा हातातच राहिला. नोएमीनं सगळं सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर आजी घरी आली, तळघरात गेली तर लाखेखालून ओघळ, आणि उघडली ती प्रत्येक बाटली आंबलेली. नोएमी तेव्हा अजून इस्पितळात होती. वाइन टिकेल तशी पोरगी टिकेल, हे आजोबांचं बोलणं आजीच्या मनातून जाईना. तिनं सगळ्यांपासून ते लपवलं. पुढे नोएमी गावी राहायला आली आणि एक दिवस तिनं आजीला रिकाम्या बाटल्या धुताना पकडलं.

"आजी म्हणाली, आजोबांना कळलं तर ते रोज माझ्याकडे बघत बसतील, ही कधी जाते म्हणून. मलाही तीच भीती वाटायची. आजीनं लाख ओतली आणि म्हणाली, अंगठा तूच दाब, म्हणजे तुझा जीव तुझ्या हातानं बांधलेला राहील. बहात्तर वेळा दाबला. शेवटी बोट पोळलं होतं."

लिव्हियोनं मान खाली घातली होती. ऑपरेशनच्या दिवसांत आई फोनवर एकदम कमी का बोलायची ते त्याला आज कळत होतं.

ओरेस्तेला मात्र धक्का बसल्यासारखं दिसत नव्हतं. तो नुसता थकलेला दिसत होता. त्यानं नातीला जवळ ओढून बसवलं.

"ती वाइन टिकणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," तो म्हणाला. "ब्याण्णवची वाइन? पाच वर्षंसुद्धा नाही. माझा धंदाच आहे तो. इस्पितळात तुझा बाप भिंतीला डोकं आपटत होता, नतालीना जमिनीवर बसली होती. कोणीतरी काहीतरी ठाम बोलायला हवं होतं. मला वाइनशिवाय काय बोलता येतं? बोललो. मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही, पोरी. मला वाटलं, लग्नात आंबट निघेल, सगळे हसतील, संपलं."

"मग आजीला का नाही सांगितलंत?"

"तिला त्याचा आधार वाटतो असं वाटलं मला." ओरेस्तेनं नातीचा हात धरला. "आधार म्हणून दिलं, आणि ती ओझं वाहत राहिली. एका पलंगावर झोपायचो आम्ही."

एर्सिलिया खिडकीबाहेर बघत राहिली. नतालीनाचा तिला हेवा वाटला आणि तिच्यासाठी वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

तुल्लियोनं काटा खाली ठेवला. मग आता लग्नात ओतायचं काय, असं त्यानं विचारलं, कारण ही काही पोरीच्या जन्मसालाची नाही आणि गाव नावं ठेवेल.

ओरेस्तेनं डोळे पुसले. "हीच ओतायची. डॉक्टरांनी तिला परत दिली ते कोणतं साल? तेच जन्मसाल. गावाला मी बघून घेतो."

लिव्हियो उठून बाहेर गेला. उघड्या दारातून त्याचं फोनवरचं बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं. उद्या येऊ नका, म्हणाला. नाही, पुढच्या आठवड्यातही नको. तो परत येऊन बापाशेजारी बसला तेव्हा ओरेस्ते त्याच्याकडे न बघता म्हणाला की फेब्रुवारीतला गॅस मात्र आपणच विसरलो होतो, ते खोटं नाही. लिव्हियो म्हणाला, आपोआप बंद होणारी शेगडी मिळते, बसवून घेऊ.

मग त्यानं आपला ग्लास बापापुढे सरकवला.

"बाबा, मला बुधवारी नुसती चांगली वाइन लागली. तुम्हाला साल कळलं. कसं कळलं ते मला कधी विचारावंसंच वाटलं नाही."

"ते एका दिवसात येत नाही."

"किती दिवस लागतात?"

ओरेस्तेनं दोघांच्या ग्लासांत थोडी थोडी वाइन ओतली. "तू दर रविवारी ये," तो म्हणाला. "बघू किती लागतात ते."